वडील चार वर्षांपासून रोज पॅन्टोप्राझोल घेत आहेत, ती गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील 64 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी छातीत जळजळ व्हायची म्हणून डॉक्टरांनी महिनाभरासाठी पॅन्टोप्राझोल 40 दिली, ती आजही रोज सुरू आहे. मध्ये दोन दिवस बंद केली तर त्रास दुप्पट झाला, आणि आता मोबाइलवर ‘या गोळीने किडनी जाते’ असा मजकूर आल्यापासून घरात सगळे घाबरलेत.

मी तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे बंद करा किंवा चालू ठेवा असं मी सांगणार नाही, आणि तुम्हीही ते घरच्या घरी ठरवू नका. पण एक विचारतो: महिना संपल्यावरही ही गोळी चालू ठेवायला वडिलांना कुणी सांगितलं होतं का? माझ्याकडे रोज माणसं कापलेली पट्टी घेऊन येतात, ‘हीच द्या, पित्ताची.’ कधीपासून घेता म्हटलं तर आठवत नाही. ही गोळी शेड्यूल एचमध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. तरी वर्षानुवर्षं जुन्याच चिठ्ठीवर चालते. मला या गोळीपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

दोन दिवसांत जळजळ दुप्पट का झाली ते आधी समजून घ्या. पोटाच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी त्या पंपांना चिकटून त्यांना कायमचं बंद पाडते. रक्तात ती जेमतेम एक-दोन तास टिकते, पण शरीर नवे पंप तयार करेपर्यंत परिणाम राहतो, म्हणून दिवसाला एक पुरते. मात्र आम्ल कमी पडतंय हे कळल्यावर शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आम्ल बनवायची तयारी जोरात ठेवतं. गोळी अचानक थांबली की ते सगळं आम्ल एकदम उसळतं. हा उसळा काही आठवडे राहू शकतो. तेव्हा त्या दोन दिवसांवरून ‘बाबांना गोळीशिवाय जमणारच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. डॉक्टर साधारणपणे 40 वरून 20 मिलिग्रॅम, मग एक दिवसाआड, असं उतरवत नेतात. मधल्या काळात लागेल तसं अँटासिड किंवा फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारं दुसऱ्या प्रकारचं औषध) देतात.

वडील गोळी घेतात कशी, तेही बघा. आपल्याकडे चहा-बिस्किटं झाली की गोळी, किंवा रात्री जेवून झोपताना गोळी, असं सर्रास चालतं. पंप जेवताना कामाला लागतात आणि चालू पंपावरच औषध बसतं, म्हणून ती खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. चावायची, कुटायची नाही, कारण वरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठीच असतं.

आता किडनीचं. मजकूर अगदीच खोटा नाही. आम्लाचे पंप बंद पाडणाऱ्या या गटातल्या औषधांमुळे क्वचित किडनीला ॲलर्जीसारखी सूज येते. 2019 मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी किडनीला अचानक होणाऱ्या इजेची नोंद माहितीपत्रकात करायला सांगितलं, ते याच गटाबद्दल. पण त्याच वर्षी एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 17 हजारांहून जास्त लोकांना सुमारे तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली होती. आतड्यांचे संसर्ग औषधवाल्या गटात थोडे जास्त दिसले. किडनीचे जुनाट विकार, हाडं मोडणं, न्यूमोनिया यांत ठळक फरक आढळला नाही. म्हणून घाबरू नका. मात्र वडिलांची चार वर्षं झालीत, तेव्हा क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासावं का, हे डॉक्टरांना विचाराच.

मला जास्त सांगायचंय ते बी-12 बद्दल. माझ्या आईने सहा वर्षं ही गोळी घेतली. ती शाकाहारी, शिवाय मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला आम्ल लागतं, मेटफॉर्मिननेही ते कमी होतं, आणि शाकाहारी ताटात मुळातच कमी. तिच्या पायांना मुंग्या यायच्या, आम्ही वय झालं म्हणत राहिलो. तपासणी केली तेव्हा बी-12 अगदी तळाला. इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या कमी झाल्या, पण एका पायाचा बधिरपणा राहिलाच. त्या सहा वर्षांच्या पट्ट्या मीच घरी नेल्या होत्या. म्हणून विनवतो, वडिलांची ही एक तपासणी करून घ्या. पायात गोळे येत असतील, त्यातून लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर मॅग्नेशियमही.

पट्टीवर नावापुढे ‘डी’ आहे का? असेल तर त्यात सहसा डोम्पेरिडोनही असतं. ते मळमळ-उलटीसाठी थोडे दिवस घ्यायचं औषध, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. चार वर्षं तेच चालू असेल तर भेट लांबवू नका.

काही जणांना मात्र ही गोळी लागतेच. स्टेंट बसवल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधं चालू असतात, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला असतो, अन्ननलिकेला जखमा असतात. त्यांनी परस्पर थांबवली तर रक्तस्राव होऊ शकतो. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने गोळी बदलून याच गटातली ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोलही घेऊ नये, त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो.

घास अडकतोय, वजन उतरतंय, शौचाला डांबरासारखी काळी होतेय, रक्त कमी झालंय, यातलं काहीही असेल तर गोळीने दिवस काढू नका, दुर्बिणीची तपासणी लागेल. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखला, तर पित्त समजून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठून ईसीजी काढा.

भेटीला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीची गोळीसुद्धा. ती मागितली तरच दाखवायची असं लोकांना वाटतं, आणि पुष्कळदा जळजळ त्याच गोळीने होत असते.