ताई, प्लेटलेट डोनरबद्दल थोडं सविस्तर

ताई, प्लेटलेट डोनर हवेत ही तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. वडिलांना ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, केमो चालू, पोस्ट शेकडो लोकांनी शेअर केली आणि रक्तपेढीत पोचले दोघंच. माझ्या मोठ्या भावाच्या वेळी परळला अगदी हेच झालं होतं. एसडीपी म्हणजे एकाच डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, वगैरे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, ते सोडतो.

मी डॉक्टर नाही, तेव्हा शेवटी तुमचे डॉक्टर सांगतील तेच. पण शेअरच्या आकड्यावर जाऊ नका. ज्यांच्याशी तुमचं ऑनलाइन थोडंफार बोलणं झालंय त्यांना नाव घेऊन वेगळा मेसेज करा, वार आणि वेळ सांगून. आमचा बाल्कनीतल्या झाडांचा ग्रुप होता, कढीपत्त्याला ताक घालावं का यावर तासन्‌तास बोलणारी माणसं, एकमेकांचे चेहरेही पाहिले नव्हते. तीच माणसं आली. आणि नातेवाईक कमी पडतायत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त किंवा प्लेटलेट शक्यतो नकोच म्हणतात, हे डॉक्टरांना आजच विचारा.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती रक्तपेढी. नाव घेत नाही. ग्रुपमधले एक दादा अर्धी रजा टाकून अंबरनाथहून लोकलने आले, सकाळी फोन करून विचारलं तेव्हा "पाठवा" म्हणाले होते, आणि काउंटरवर म्हणे मशीन रिकामं नाही, उद्या या. दुसऱ्या एकांना कितीतरी वेळ बाकावर बसवून मग सांगितलं की शीर बारीक आहे, चालणार नाही. अरे, शीर बघायला किती वेळ लागतो? वर आमच्याकडे रिप्लेसमेंटचा तगादा, म्हणजे घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात तुमचा डोनर आणा. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणात रिप्लेसमेंट डोनर टप्प्याटप्प्याने बंद करायचं लिहिलंय, पण काउंटरवर कोण ऐकतंय. असा परत गेलेला माणूस पुन्हा येईलच असं नाही, आणि तो घरी जाऊन काय सांगतो त्यावर पुढचे चार जण ठरतात, म्हणून मला अजून राग येतो.

म्हणून मशीनची वेळ ड्युटीवरच्या टेक्निशियनकडून नावासकट पक्की करून घ्या, शीर बघणं आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, शक्यतो आदल्या दिवशी होऊ द्या. वजन 50 किलोच्या वर, प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन नाही, एवढं फोनवरच विचारा. येताना उपाशी नको, पण वडापाव खाऊनही नको, तेलकट खाल्लं की प्लाझ्मा दुधाळ दिसतो आणि परत पाठवतात. आणि सगळ्यांना एकाच दिवशी बोलावू नका, प्लेटलेट पाचच दिवस टिकतात.

डोनर खुर्चीत असताना घरचं कोणीतरी शेजारी थांबा. तासभर, कधी जास्तही लागतो, हातात बॉल दाबत बसायचं, ओठांना मुंग्या येतात, पहिल्यांदा देणारा घाबरतो. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सायट्रेट असतं, त्यामुळे ते होतं, लगेच सिस्टरना सांगा, कॅल्शियमची गोळी देतात. अंबरनाथचे दादा दुसऱ्यांदा आले तेव्हा माझी वहिनी त्यांच्याशी मोगऱ्याच्या छाटणीबद्दल बोलत बसली होती.

पैशांचं म्हणाल तर जाण्यायेण्याचं भाडं आग्रहाने विचारा, पण "इतके पाठवा, मग येतो" म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. पैसे घेऊन रक्त देणं 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे, आणि असे फोन तुमचा नंबर पोस्टमध्ये उघडा आहे म्हणूनच येतायत. नंबर काढा, ज्याचं डोकं शांत आहे अशा एखाद्या भावा-मित्राचा द्या. गरज भागली की पोस्टवर तसं लिहा, नाहीतर ती वर्षभर फिरत राहते.

वडिलांचा ब्लड ग्रुप आणि रक्तपेढी कुठल्या भागात आहे ते मला मेसेजमध्ये कळवा. दादर-परळ पट्ट्यात असेल तर आमच्या झाडवाल्यांना मी आज रात्रीच विचारतो.