वाचकांचे प्रश्न : न मागितलेली परवानगी

प्रश्न : लिनक्स प्रणाली अद्ययावत केल्यापासून माझा एक जुना प्रोग्राम सुरूच होत नाही. त्यातील एका लायब्ररीला ‘एक्झिक्युटेबल स्टॅक’ हवा आहे आणि तो देता येत नाही, एवढाच संदेश येतो. इतकी वर्षे बिनतक्रार चाललेली गोष्ट अडवून काय साधले? हे संरक्षण बंद केले तर बिघडते कुठे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे, पण संरक्षण बंद करण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे जरूर पाहावे. प्रोग्रामच्या मेमरीत चालवायच्या सूचना असतात आणि ज्यावर काम करायचे ती माहितीही असते. स्टॅक हा त्यातला माहितीचा भाग: चालू असलेले फंक्शन, म्हणजे सूचनांचा एक गट, आपली तात्पुरती माहिती आणि काम संपल्यावर परतायचा पत्ता तिथे ठेवते. ‘एक्झिक्युटेबल स्टॅक’ म्हणजे तिथले बाइट सूचना म्हणून चालवण्याची मुभा. प्रोसेसरला मात्र दोन्ही सारखेच बाइट दिसतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे स्वतःच पसरत जाणाऱ्या प्रोग्रामने, याचाच फायदा घेतला. दुसऱ्या यंत्रावरील वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ‘फिंगर’ सेवेने येणाऱ्या ओळीसाठी स्टॅकवर ५१२ बाइटांची जागा राखली होती, पण ओळ वाचणारे फंक्शन तिची लांबी तपासत नव्हते. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जास्तीच्या बाइटांनी फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता पुसून तिथे स्टॅकवरचाच पत्ता लिहिला, आणि व्हॅक्स जातीचे संगणक बाहेरून आलेली ती ओळ सूचना समजून चालवू लागले. स्टॅकवरचे काहीही चालवायचे नाही एवढा नियम असता, तर ही वाट तिथेच बंद झाली असती.

हा नियम पाळायला हार्डवेअरची साथ लागते. एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांनी २००३ मध्ये पेज टेबलाच्या, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांची (पेजची) नोंद ठेवणाऱ्या तक्त्याच्या, प्रत्येक नोंदीत ‘हे पेज चालवू नये’ असे सांगणारा एक बिट दिला. त्याच वर्षी ओपनबीएसडी या प्रणालीच्या ३.३ आवृत्तीने, जिथे लिहिता येते तिथले चालवता येऊ नये आणि जिथले चालवता येते तिथे लिहिता येऊ नये, हे धोरण स्वीकारले. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये आणि लिनक्स २.६.८ मध्ये त्या बिटाचा वापर २००४ मध्ये सुरू झाला.

खरा पेच होता तो जुन्या प्रोग्रामांचा. चालवण्याजोगा स्टॅक हवा की नको, हे प्रोग्रामच्या फाइलच्या हेडरमधील, म्हणजे सुरुवातीच्या माहितीतील, ‘जीएनयू स्टॅक’ ही नोंद सांगते. पण ही नोंदच नसेल तर कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, काय समजावे? लिनक्सने दीर्घकाळ ‘मौनं संमतिलक्षणम्’ हाच न्याय लावला, आणि तोही फार सढळ हाताने: नोंद नसलेल्या प्रोग्रामला केवळ स्टॅकच नव्हे, तर वाचता येणारी सगळीच मेमरी चालवण्याची मुभा मिळे, मग तिथे एखादी साधी माहितीची फाइल का उघडलेली असेना. माझ्या मते ही चूक होती, कारण ज्याने काही मागितलेच नाही त्यालाच सर्वांत जास्त दिले जात होते. २०२० मधील ५.८ या आवृत्तीत हे बदलले: ६४-बिट एक्स८६ वर (इंटेल-एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरांवर) नोंद नसेल तर आता अशी कोणतीच मुभा मिळत नाही, आणि चालवण्याजोगा स्टॅक स्पष्टपणे मागितला तर फक्त तोच मिळतो. जुन्या ३२-बिट प्रोग्रामांसाठी नोंद नसल्यास पूर्वीचीच सूट ठेवली आहे.

आपली लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम वापरतो ती तयार कोडची फाइल, अडली आहे ती मात्र कर्नलच्या बाहेर. चालू प्रोग्रामने मध्येच अशी लायब्ररी उघडली की पूर्वी जीलिबसी (लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम वापरतात ती मूलभूत लायब्ररी) त्या प्रोग्रामचा स्टॅक मुकाट्याने चालवण्याजोगा करून देई. म्हणजे एका लायब्ररीपायी अख्ख्या प्रोग्रामचे संरक्षण जाई. जीलिबसीच्या २०२५ मधील २.४१ आवृत्तीपासून ते थांबले. फाइलची रचना दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ’ या आज्ञेला ‘एल’ हा पर्याय देऊन लायब्ररीचे हेडर पाहा. ‘जीएनयू स्टॅक’च्या नोंदीत ‘आर’ (वाचणे) आणि ‘डब्ल्यू’ (लिहिणे) यांबरोबर ‘ई’ (चालवणे) दिसेल. बहुतेक वेळा ही मागणी कोणी जाणूनबुजून केलेली नसते. असेम्ब्ली या प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत हाताने लिहिलेल्या एखाद्या फाइलच्या शेवटी ‘नोट डॉट जीएनयू-स्टॅक’ या सेक्शनची ओळ राहून गेलेली असते, आणि अशी एकच फाइल जोडली गेली तरी लिंकर (तुकडे जोडून एक फाइल करणारा प्रोग्राम) सगळ्या लायब्ररीवर तो शिक्का मारतो. ती ओळ घालून लायब्ररी पुन्हा बांधली की काम होते. मात्र सी भाषेत जीसीसी या कंपायलरची फंक्शनच्या आत फंक्शन लिहिण्याची सोय वापरून त्याचा पत्ता दुसरीकडे दिला असेल, तर कंपायलर खरोखरच स्टॅकवर छोटा कोड ठेवतो. अशा वेळी शिक्का पुसून भागणार नाही, तो भाग नव्याने लिहावा लागेल.

प्रश्न : ब्राउझर तर चालता चालता नवा कोड तयार करतात. त्यांना हा नियम कसा लागू होणार?

उत्तर : कोड आधी लिहिण्याजोग्या पेजवर तयार करायचा आणि मग लिहिण्याची परवानगी काढून चालवण्याची द्यायची, असा मार्ग त्यांना घेता येतो, दोन्ही परवानग्या एकाच वेळी लागत नाहीत. ज्या सेवांना नवा कोड कधीच तयार करायचा नसतो त्यांनी त्याहून कडक व्हावे. लिनक्स ६.३ पासून प्रोग्राम स्वतःच कर्नलला सांगू शकतो की लिहिता येणारी मेमरी यापुढे मला चालवण्याजोगी करून देऊ नकोस, आणि एकदा सांगितलेले हे त्याला मागे घेता येत नाही. एवढे करूनही प्रोग्राममध्ये आधीपासून असलेल्या कोडचेच तुकडे जोडून हल्ला करता येतो. ती पद्धत वेगळी आणि तिच्यावरचे उपायही वेगळे आहेत.