समीकरण आधी मराठीत वाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज अगदी उतरलेला होता. "मावशी, डिफरन्शियल इक्वेशनच्या सगळ्या मेथड्स पाठ आहेत, पण पेपर हातात आला की कुठली लावायची तेच सुचत नाही," म्हणालीस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

मागच्या महिन्यात तुझी वही चाळली होती. उदाहरण उतरवलंस की दुसऱ्याच ओळीला तू इंटिग्रेशनचं चिन्ह काढतेस. त्या दोन ओळींच्या मध्ये एक ओळ हवी, आणि ती मराठीत हवी. तुझं पुस्तक इंग्रजी, वर्गातलं बोलणं निम्मं गुजराती, दांडिया बाजारात घरी आलीस की मराठी. समीकरण मात्र यातल्या एकाही भाषेत तू तोंडाने म्हणत नाहीस. 1890 साली सयाजीरावांनी आपल्या बडोद्यात कलाभवन काढलं, तेव्हा तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेतून मिळावं असा आग्रह त्रिभुवनदास गज्जरांनी धरला होता. त्यामागचं कारण मला शिकवायला लागल्यावर कळलं. डीवाय बाय डीएक्स बरोबर वाय, हे "वाय जेवढा, तेवढाच त्याचा वाढायचा वेग" असं म्हणून बघ. उत्तर भराभर वाढत जाणार, हे पेन उचलायच्या आधीच दिसतं.

पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी आजवा तलावाची पातळी विचारतात ना, ते डिफरन्शियल इक्वेशनच असतं, म्हणजे बदलण्याचा वेग सांगणारं समीकरण. साठा बदलण्याचा वेग म्हणजे येणारं पाणी वजा जाणारं पाणी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. पाऊस ओसरला तरी पाणी उतरेना, तेव्हा लोक हवालदिल झाले होते. पण पावसाचा जोर कमी झाला म्हणून पातळी लगेच उतरत नाही. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा कमी झालं की मगच उतरते. हे ज्याला कळलं त्याला अर्धा विषय कळला, असं मला मनापासून वाटतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुझ्या वहीत तीच दिसली. बुडाशी भोक असलेलं पिंप. 1644 मध्ये टॉरिसेलीने छापलेल्या नियमावरून पाण्याची पातळी उतरण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मराठीत म्हण: भरलेलं असताना झपाझप, तळाशी आलं की रेंगाळत. सोडवलं की कळतं, उंचीचं वर्गमूळ घड्याळाच्या काट्यासारखं एकसारखं उतरतं. म्हणून पूर्ण पिंप रिकामं व्हायला 24 मिनिटं लागत असतील, तर वरचं अर्धं जेमतेम 7 मिनिटांत जातं आणि खालच्या अर्ध्याला 17 लागतात.

इथपर्यंत माझंही बरोबर होतं. पुढे परीक्षेत मी उंचीच्या सूत्रात रिकामं होण्याच्या नंतरची वेळ घातली. सूत्रात वर्ग आहे, त्यामुळे उंची पुन्हा शून्याच्या वर आली आणि मी ती उत्तर म्हणून लिहून दिली. सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं, "पाणी कुठून आलं?" तो पेपर मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता.

चूक पहिल्याच पायरीला होती. चलं वेगळी करताना, म्हणजे उंची एका बाजूला आणि वेळ दुसऱ्या बाजूला नेताना, मी उंचीच्या वर्गमुळाने भागलं. भागलं म्हणजे ते शून्य नाही, असं न बोलता गृहीत धरलं. पिंप रिकामं झालं तिथे ते गृहीतच संपलं. तिथून पुढे "उंची शून्य" हेच उत्तर, आणि भागाकारात मी तेच हरवून बसले होते. ज्याने भागशील ते शून्य असलं तर काय, हा प्रश्न दर वेळी समासात लिहून ठेव. आणि रिकामं पिंप बघून ते मघाशी रिकामं झालं की काल, हे सांगता येतं का? नाही. म्हणजे आजच्या स्थितीवरून मागचा इतिहास एकच ठरत नाही. उत्तर एकच असतं असं सांगणाऱ्या युनिकनेसच्या थिअरममधली लिपशिट्झची अट तुला नुसती घोकायला लावलेली वाटते ना, ती इथेच मोडते, कारण वर्गमुळाचा आलेख शून्यापाशी उभाच्या उभा चढतो.

इंटिग्रेशनच्या स्थिरांकाचंही, म्हणजे त्या सीचं, तसंच. तू तो शेवटी आठवण झाली की चिकटवतेस. वाय बरोबर ई-चा एक्स घात अधिक सी, हे लिहून झाल्यावर डीवाय बाय डीएक्स बरोबर वाय या मूळ समीकरणात ठेवून बघितलं असतंस तर लगेच सापडलं असतं: डावीकडे सी गेला, उजवीकडे तसाच राहिला. तो इंटिग्रेशन केलं त्याच ओळीला यायला हवा. मग लॉग काढताना तो आपसूक गुणाकारात जातो. उत्तर परत ठेवून बघायला दोन मिनिटं लागतात, ती परीक्षेतही काढ.

मेथड ओळखण्यासाठी एक कर. वेगवेगळ्या प्रकरणांतली तीसेक उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरव, प्रकरणाचं नाव लिहू नकोस. रोज दहा चिठ्ठ्या काढून फक्त सांग: चलं वेगळी होतात का, लिनिअर आहे का, एक्झॅक्ट आहे का, आणि कशावरून. सोडवायचं नाही. प्रकरणाच्या शेवटची उदाहरणं करताना मेथड कुठली ते पुस्तकानेच आधी सांगितलेलं असतं, म्हणून पेपरात घोटाळा होतो. स्थिर सहगुणकांचं प्रकरण तुला येतं, त्यावर वेळ घालवू नकोस.

रविवारी सकाळी ये. गच्चीवरचं जुनं पिंप धुऊन ठेवते, बुडाशी भोक पाडून बूच बसवते आणि आतून खडूने खुणा करते. घड्याळ आणि आलेखाचा कागद तू आण. अर्ध्यापर्यंत किती मिनिटं लागतील ते मात्र घरूनच काढून, घडी घालून आण. पाणी सोडल्यावर उघडू.

तुझी
मावशी