फळीवर तोल सांभाळला की वाचन सुधारतं?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. वाचताना ओळ सुटते, ‘भ’ आणि ‘म’ची गल्लत होते, वर्गात सतत चुळबुळ. डगमगत्या फळीवर उभं राहून चेंडू झेलायला लावा, असं सुचवलंय. करू का?

उत्तर : खुशाल करा, त्याला मजा येईल. आतला कान आणि लहान मेंदू तोल सांभाळतात आणि सरावाने तोल सुधारतो. त्याने वाचन सुधारतं, याला मात्र भक्कम पुरावा नाही. माझ्याकडची मुलं फळीवर पटाईत होतात, ‘भ-म’चा घोळ तस्साच! (पूर्वी मीही हा उपाय सरसकट सुचवायचे.) आधी डोळे, कान तपासून घ्या. मग अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीची) चाचणी. वाचनासाठी अक्षर आणि आवाजाची जोडी रोज, थोडी थोडी घोटून घ्यावी लागते. फळी अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत ठेवा. फळीवरच्या व्यायामांच्या महागड्या कोर्सचे पैसे भरू नका.