आठवीनंतर शाळा कुठली?

प्रश्न : मुलाला डिस्लेक्सिया आहे. तोंडी सगळं सांगतो, लिहिताना अक्षरं गाळतो. यंदा आठवीत आहे. सासूबाई म्हणतात, मोठ्या नावाची शाळा घ्या. काय करू?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, नावाचं नंतर बघू. माझ्या भाच्यासाठी एका शाळेत गेलो, तर बाई आधी निकालाचे टक्केच सांगू लागल्या. आम्ही चहा न घेताच उठलो. तुम्ही एवढंच विचारा : विशेष शिक्षक रोज येतात, की फक्त माहितीपत्रकात असतात? घटक चाचणीलाही जादा वेळ देता का?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. सीबीएसईच्या दहावीला या अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर लेखनिक मिळतो, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. पण कागद नववीच्या आधीच करा. सरकारी दवाखान्याच्या खेपा काही चुकत नाहीत.

शाळा जमलीच नाही तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आहे. दहावीला पाच विषय, गणिताची सक्ती नाही. शेजारी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

आणि शाळा बघायला त्यालाही न्या. आधी पोहे-जिलबी खाऊ घाला, मग परतताना त्याचंच मत विचारा.