घनता म्हणजे दाटपणा का?

प्रश्न : एरंडेल पाण्यापेक्षा कितीतरी दाट असते, तरी पाण्यावर तरंगते. मग ‘जास्त घनतेचा पदार्थ खाली जातो’ हा नियम चुकीचा, की ‘घनता’ हा शब्दच चुकीचा?

नियम बरोबर आणि शब्दही बरोबर. घोटाळा ‘घनदाट’मुळे होतो. तिथे घन आणि दाट एकाच अर्थाने शेजारी बसले आहेत, म्हणून घनता म्हणजे दाटपणा असे वाटते. शास्त्रातली घनता ‘लोकसंख्येची घनता’ या शब्दप्रयोगाच्या जवळची आहे : ठरावीक जागेत किती मावले आहे. वस्तुमान भागिले आकारमान, एवढेच. दाट-पातळ आपण ठरवतो ते धार कशी पडते त्यावरून. त्या गुणाचे नाव श्यानता (काही पुस्तकांत विष्यंदिता).

हे दोन गुण एकमेकांना बांधलेले नाहीत. पारा जवळजवळ पाण्यासारखा पळतो, पण त्याची घनता पाण्याच्या १३.६ पट. लोखंडाची सुमारे ७.८ पट, म्हणून खिळा पाऱ्यावर तरंगतो. एरंडेलाची धार जाड, घनता मात्र सुमारे ०.९६. मध दाटही आहे आणि घनतेनेही जास्त (सुमारे १.४), त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. या हिशेबात दाटपणा येतच नाही. तो फक्त वेग ठरवतो : एरंडेलात लोखंडी छर्रा सावकाश उतरतो, पण तळ गाठतोच. घट्ट दह्यावरचा बेदाणा बुडत नाही, पण ते तरंगणे नव्हे. दही तिथे वाहत नसते, बेदाणा पेलून धरते.

‘तेल पाण्यापेक्षा हलके’ हे मात्र खुशाल म्हणावे. समान मापांची तुलना त्यात गृहीत असते. खाद्यतेलाच्या १ लिटरच्या पुडीवर ९१० ग्रॅम छापलेले असते ते याच कारणाने. ‘जहाज हलके असते म्हणून तरंगते’ हे चालणार नाही. तिथे आतल्या हवेसकट सगळ्या जहाजाची सरासरी घनता बघावी लागते.

शब्दांच्या या गल्लतीचा खरा तोटा दुधात होतो. लॅक्टोमीटर (दूध तपासण्यासाठी त्यात तरंगत ठेवायची आकडे लिहिलेली नळी) दाटपणा दाखवत नाही, घनता दाखवतो : २८ म्हणजे पाण्याच्या १.०२८ पट. स्निग्धांश पाण्याहून हलका, म्हणून साय काढली की दूध पातळ होते आणि आकडा उलट चढतो. मग पाणी घालून तो पुन्हा २८ वर आणता येतो. नुकत्याच काढलेल्या दुधात हवेचे बुडबुडे असतात, त्याने आकडा कमी येतो. दूध थोडा वेळ ठेवावे, फेस न आणता ढवळावे, उपकरणावर लिहिलेल्या तापमानाला आणावे आणि नळी भांड्याच्या कडेला टेकू न देता वाचावे. सोबत फॅट (स्निग्धांश) तपासल्याशिवाय त्या आकड्यावरून दूध चांगले ठरवू नये.