दहावीतल्या मुलीचे मुरुम

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. कपाळ, गाल मुरुमांनी भरलेत. सासूबाई म्हणतात उष्णता झालीय. मी रोज लिंबू चोळते. तरी कमी होत नाहीत. – एक आई, कराड

उत्तर : ताई, लिंबू आजच बंद करा, त्याने त्वचेची आग होते. या वयात हार्मोन्समुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी छिद्रं बुजतात, आत जंतू वाढून सूज येते. यात तिचा काहीच दोष नाही. रात्री 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांचे जंतू मारणारं औषध) जेलचा पातळ थर लावा. उशीला पांढरा अभ्रा घाला, या जेलने रंगीत कापडाचा रंग उडतो. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. तोवर कुणालाही तिला चेहऱ्यावरून बोलू देऊ नका. गोरं करणारी क्रीम मात्र नकोतच! त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं, त्याने मुरुम आणखी उसळतात. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे दिसले तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.